सेंद्रिय प्रकाश-उत्प्रेरक आणि रेणूंचे पिंजरे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दृश्य प्रकाश शोषून रासायनिक अभिक्रिया घडवणारी सेंद्रिय रंगद्रव्ये आणि त्यांना आपल्या पोकळीत सामावून घेणारे रेणू-पिंजरे यांविषयी पदव्युत्तर विद्यार्थी, संशोधनाच्या उंबरठ्यावरचे तरुण आणि अन्य शाखांतील रसायनतज्ज्ञ जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. बारावीनंतरचे रसायनशास्त्र ठाऊक आहे असे गृहीत धरले आहे.

सेंद्रिय प्रकाश-उत्प्रेरक म्हणजे काय?

प्रकाशाचा फोटॉन शोषून उत्तेजित अवस्थेत जाणारा आणि त्या अवस्थेत शेजारच्या रेणूला इलेक्ट्रॉन देणारा, त्याच्याकडून इलेक्ट्रॉन घेणारा किंवा त्याला ऊर्जा हस्तांतरित करणारा, पण अभिक्रियेच्या शेवटी स्वतः मूळ रूपात परतणारा कार्बनी रेणू म्हणजे सेंद्रिय प्रकाश-उत्प्रेरक. इओसिन-वाय, रोझ बेंगॉल, मेथिलिन ब्ल्यू, फ्लेविन, अँथ्राक्विनोन, अ‍ॅक्रिडिनियम क्षार आणि पेरिलिन डायइमाइड ही त्यांतली ठळक नावे. यांतील काही रंगद्रव्ये कापड रंगवण्यासाठी किंवा सूक्ष्मदर्शकाखाली पेशी रंगवण्यासाठी शंभराहून अधिक वर्षे वापरात आहेत.

रुथेनियम आणि इरिडियमची संयुगे उत्तम काम करत असताना यांची गरज का भासली?

२००८ साली डेव्हिड मॅकमिलन आणि टेहशिक यून यांच्या गटांनी, आणि २००९ साली कोरी स्टीफनसन यांच्या गटाने, रुथेनियम-ट्रिसबायपिरिडीन वापरून दृश्य प्रकाशात सेंद्रिय संश्लेषण कसे करता येते हे दाखवले आणि या क्षेत्राला नवी गती मिळाली. पण रुथेनियम आणि इरिडियम हे पृथ्वीच्या कवचातील अत्यंत दुर्मीळ धातू आहेत. ते महाग आहेत, आणि औषधनिर्मितीत अंतिम पदार्थात त्यांचे अंश राहू नयेत म्हणून शुद्धीकरणावर जास्तीचा खर्च करावा लागतो. सेंद्रिय रंगद्रव्ये तुलनेने स्वस्त असतात, त्यांची रचना हवी तशी बदलता येते आणि त्यांतील काहींची ऑक्सिडीकरणाची ताकद रुथेनियम संयुगांहून पुष्कळ जास्त असते. शुनइची फुकुझुमी यांच्या गटाने २००४ मध्ये मांडलेला मेसिटिल-अ‍ॅक्रिडिनियम उत्तेजित अवस्थेत संतृप्त कॅलोमेल इलेक्ट्रोडच्या तुलनेत सुमारे दोन व्होल्टपर्यंत ऑक्सिडीकारक असतो, आणि एवढ्या ताकदीपुढे साधे अल्किनसुद्धा इलेक्ट्रॉन सोडून देतात.

मग त्यांच्यात उणीव कोणती?

पहिली आणि सर्वांत मोठी उणीव वेळेची आहे. रुथेनियम-ट्रिसबायपिरिडीनची उत्तेजित अवस्था सुमारे एक मायक्रोसेकंद टिकते, तर बहुतेक सेंद्रिय रंगद्रव्यांची सिंगलेट अवस्था, म्हणजे इलेक्ट्रॉनांचे स्पिन परस्परविरुद्ध असलेली उत्तेजित अवस्था, काही नॅनोसेकंदांतच मावळते. फ्लुओरेसिनच्या बाबतीत हा काळ चार नॅनोसेकंदांच्या आसपास आहे. इओसिन-वाय किंवा रोझ बेंगॉलमध्ये ब्रोमीन आणि आयोडीनचे जड अणू असल्यामुळे ट्रिप्लेट अवस्था (दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन एकाच दिशेला असलेली) तयार होते आणि ती बरीच जास्त टिकते. पण सर्वच रंगद्रव्यांना ही सोय नसते, शिवाय ट्रिप्लेटमध्ये उतरताना ऊर्जेचा काही वाटा गमवावा लागतो.

दुसरी उणीव म्हणजे सपाट रंगद्रव्ये एकमेकांवर रचली जाऊन त्यांचे गठ्ठे बनतात. पेरिलिन डायइमाइड हे याचे ठळक उदाहरण असून पाण्यात त्याचे गठ्ठे इतक्या सहज होतात की उत्तेजित ऊर्जा अभिक्रियेला मिळण्याआधीच गठ्ठ्यात विरून जाते. तिसरी उणीव म्हणजे रंग उडणे. उत्तेजित रंगद्रव्य, त्याचे मूलक (जोडीविना इलेक्ट्रॉन असलेले) रूप किंवा त्याच्यामुळेच तयार झालेला सिंगलेट ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचे उत्तेजित रूप, त्या रंगद्रव्याचा घात करतो. अ‍ॅक्रिडिनियमवर नवव्या कार्बनच्या जागी न्यूक्लिओफाइल हल्ला करतात, हेही संश्लेषण करणाऱ्यांना चांगले परिचित आहे.

रेणू-पिंजरा कशाला म्हणतात?

आत निश्चित आकाराची पोकळी असलेला आणि त्या पोकळीत दुसरा रेणू सहसंयुज बंधाशिवाय धरून ठेवू शकणारा रेणू किंवा रेणूंचा समूह म्हणजे पिंजरा. धरून ठेवणाऱ्याला यजमान आणि आत शिरणाऱ्याला पाहुणा म्हणण्याची रूढी आहे. रेणूंमधील अशा सौम्य, परत फिरवता येण्याजोग्या आकर्षणांवर उभ्या असलेल्या शाखेला सुप्रामॉलिक्युलर रसायनशास्त्र म्हणतात. डोनाल्ड क्रॅम, झाँ-मारी लेन आणि चार्ल्स पेडरसन यांना १९८७ चे नोबेल पारितोषिक याच कामासाठी मिळाले. एकलेपणी क्षणभरही न टिकणारे सायक्लोब्युटाडाइन क्रॅम यांनी १९९१ मध्ये एका बंदिस्त यजमानाच्या पोटात, नेहमीच्या तापमानाला, स्थिर ठेवून दाखवले. पोकळीतले जग बाहेरच्या द्रावणाहून किती वेगळे असते हे त्या एका प्रयोगाने स्पष्ट झाले.

प्रकाश-उत्प्रेरणात कोणते पिंजरे वापरले जातात?

मुख्यतः तीन कुळे आहेत. पहिले कूळ धातू आणि लिगंड यांच्या स्वयंजुळणीतून बनणाऱ्या पिंजऱ्यांचे. मकोतो फुजिता यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेला अष्टफलकी पिंजरा सहा पॅलॅडियम आयन आणि ट्रायझिन गाभ्याचे चार त्रिकोणी लिगंड पाण्यात एकत्र ढवळले की आपोआप उभा राहतो; त्याच्यावर एकूण बारा धन प्रभार असतात. याच्या उलट टोकाला केनेथ रेमंड यांचा चतुष्फलकी पिंजरा आहे, जो चार गॅलियम आयन आणि सहा कॅटेकोलेट लिगंडांचा असून त्याच्यावर बारा ऋण प्रभार असतात. यांखेरीज दोन पॅलॅडियम आणि चार वाकड्या लिगंडांचे लहान, सुटसुटीत पिंजरेही आहेत.

दुसरे कूळ धातूविरहित, सहसंयुज बंधांच्या सेंद्रिय पिंजऱ्यांचे आहे. कोरियातील किमून किम यांच्या गटाने सहा पॉर्फिरिन आणि आठ ट्रायअमाइन जोडून बनवलेले पॉर्फिरिन-पेटारे या कुळातले. येथे पिंजऱ्याची भिंतच प्रकाश शोषते. तिसऱ्या कुळात कुकुर्बिटयुरिल, सायक्लोडेक्स्ट्रिन आणि ऑक्टा अ‍ॅसिड यांसारखे, दोन्ही किंवा एका बाजूने उघडे असलेले यजमान येतात. काटेकोरपणे पाहिले तर ते पिंजरे नव्हेत, पण त्यांचे काम तेच असल्याने त्यांची गणना सोबतच होते. मूळचे भारतीय आणि अनेक वर्षे मायामी विद्यापीठात काम केलेले वैद्यनाथन राममूर्ती यांनी ऑक्टा अ‍ॅसिडच्या कुपीत केलेले प्रकाशरसायनाचे प्रयोग या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावेत असे मला मनापासून वाटते.

पाहुणा आत का शिरतो, आणि तो मावेल की नाही हे आधी कसे ओळखायचे?

पाण्यात जलविरोधी परिणाम हे मुख्य बळ असते. पोकळीत अडकलेले पाण्याचे रेणू बाहेरच्या पाण्याइतके हायड्रोजन बंध जुळवू शकत नाहीत, त्यामुळे त्यांना बाहेर काढून तेलकट पाहुणा आत घेणे ऊर्जेच्या दृष्टीने फायद्याचे ठरते. त्याच्या जोडीला प्रभारांचे आकर्षण आणि सपाट वलयांची परस्पर रचना असते. ट्रायझिनच्या इलेक्ट्रॉन-दरिद्री भिंती इलेक्ट्रॉन-समृद्ध पाहुण्याला विशेष पसंत करतात.

आकाराबाबत ज्युलियस रेबेक यांनी १९९८ मध्ये मांडलेला ठोकताळा उपयोगी आहे. त्यानुसार पाहुण्याचे आकारमान पोकळीच्या सुमारे ५५ टक्के असताना बांधणी सर्वांत चांगली होते. कुकुर्बिटयुरिलच्या नावातील आकडा वलयातील घटकांची संख्या सांगतो; कुकुर्बिट[७]युरिलची पोकळी सुमारे २७९ घन अँगस्ट्रॉम आणि कुकुर्बिट[८]युरिलची सुमारे ४७९ घन अँगस्ट्रॉम असते. त्यामुळे पहिल्यात एक सपाट वलय बसते, तर दुसऱ्यात दोन वलये एकावर एक बसू शकतात. हा फरक प्रकाश-उत्प्रेरणात निर्णायक असतो, कारण रंगद्रव्य आणि अभिक्रियाकारक या दोघांना एकाच पोकळीत आणायचे की रंगद्रव्याला एकटे ठेवायचे हे त्यावरून ठरते.

पिंजऱ्यामुळे उत्प्रेरक सुधारतो म्हणजे नेमके काय होते?

या विषयावरील लेखनात पिंजऱ्याचे वर्णन बहुधा संरक्षक कवच म्हणून केले जाते. संरक्षण मिळते हे खरे आहे, परंतु माझ्या मते पिंजऱ्याची सर्वांत मोठी देणगी वेळेची आहे, आणि ती साध्या आकडेमोडीने दाखवता येते.

द्रावणात मुक्तपणे फिरणाऱ्या दोन रेणूंची गाठ पडण्याचा वेग विसरणाने ठरतो. पातळ विद्रावकांत त्याचा स्थिरांक दर मोलर, दर सेकंद सुमारे १० चा दहावा घात इतका असतो, आणि याहून जलद कोणतीच द्विरेणवीय अभिक्रिया घडू शकत नाही. अभिक्रियाकारकाची संहती १ मिलिमोलर धरली तर उत्तेजित रंगद्रव्याला त्याची पहिली गाठ पडायला सरासरी १०० नॅनोसेकंद लागतात. रंगद्रव्याचे आयुर्मान चार नॅनोसेकंद असेल, तर शंभरांतले जेमतेम चार उत्तेजित रेणू कामी येतात आणि उरलेले शहाण्णव प्रकाश किंवा उष्णता सोडून निवांत होतात. संहती दहापट वाढवून १० मिलिमोलर केली तरी हा वाटा तिसाच्या आतच राहतो. त्याच परिस्थितीत एक मायक्रोसेकंद टिकणारे रुथेनियम संयुग १ मिलिमोलरलाही नव्वदच्या घरात पोहोचते. रुथेनियमचे यश मोठ्या प्रमाणात या एका गुणावर उभे आहे.

आता अभिक्रियाकारक आधीच रंगद्रव्याशेजारी, त्याच पोकळीत किंवा रंगद्रव्याच्या भिंतींच्या पिंजऱ्यात बसलेला आहे असे समजा. गाठ पडण्याची वाट पाहण्याचा प्रश्नच उरत नाही. इलेक्ट्रॉनाची उडी काही अँगस्ट्रॉमची राहते आणि ती पिकोसेकंदांत, कधी त्याहूनही जलद, होते. बांधणीचा स्थिरांक दर मोलर १ लाख असेल तर यजमान आणि पाहुणा दोघेही केवळ १ मिलिमोलर असतानाही सुमारे ९० टक्के जोड्या प्रकाश पडण्यापूर्वीच जुळलेल्या असतात. अल्पायुषी म्हणून बाजूला सारलेली कितीतरी रंगद्रव्ये अशा रीतीने पुन्हा विचारात घेण्याजोगी होतात. विशेष म्हणजे ट्रिप्लेटमध्ये उतरण्याची गरज नसल्याने सिंगलेट अवस्थेची पूर्ण ऊर्जा वापरता येते.

यावरून एक उलट निष्कर्षही निघतो. २०१२ मध्ये चिहाया अदाची यांच्या गटाने प्रकाश देणाऱ्या डायोडसाठी बनवलेला आणि पुढे प्रकाश-उत्प्रेरणात लोकप्रिय झालेला फोर-सीझेड-आयपीएन हा रेणू मायक्रोसेकंदांच्या विलंबित आयुर्मानाचा आहे आणि आकारानेही मोठा आहे. अशा रेणूला पिंजऱ्यात कोंडण्याचा खटाटोप सहसा फारसा फलदायी ठरणार नाही.

पिंजऱ्यात गेल्यावर रंगद्रव्याचा विभव बदलतो का?

बदलतो, आणि किती बदलतो हे बांधणीवरून मोजता येते. रंगद्रव्याचे क्षपित रूप मूळ रूपापेक्षा पिंजऱ्याला जितके घट्ट बांधले जाते, तितका क्षपण-विभव धन दिशेला सरकतो. २५ अंश सेल्सिअसला दर दहापट फरकामागे हे सरकणे ५९ मिलिव्होल्ट असते. म्हणजे क्षपित रूप हजारपट घट्ट बांधले जात असेल तर सुमारे ०.१८ व्होल्ट आणि लाखपट घट्ट असेल तर सुमारे ०.३० व्होल्ट इतकी जास्तीची ऑक्सिडीकरण-ताकद रंगद्रव्याच्या रचनेत एकही अणू न बदलता मिळते.

एडिनबरा येथील पॉल लस्बी यांच्या गटाचे क्विनोनवरील काम या तत्त्वाचे सुंदर उदाहरण आहे. दोन पॅलॅडियम आणि चार लिगंडांच्या धन प्रभारी पिंजऱ्यात क्विनोन बसतो. त्याने एक इलेक्ट्रॉन घेतला की तो ऋण प्रभारी होतो आणि पिंजऱ्याला अधिकच चिकटतो, त्यामुळे इलेक्ट्रॉन घेण्याची त्याची ओढ वाढते. २०२० मध्ये या गटाने हीच ओढ वापरून मूलक-धन-आयनांमार्फत चालणारे उत्प्रेरण दाखवले. त्या अभिक्रियेसाठी प्रकाशाची गरज नव्हती, परंतु क्विनोन आणि अँथ्राक्विनोन हे प्रकाश-उत्प्रेरकही असल्याने हा धडा थेट लागू पडतो.

येथे एक सावधगिरी बाळगावी. उत्तेजित अवस्थेचा विभव हा मूळ अवस्थेचा विभव आणि उत्तेजनाची ऊर्जा या दोहोंवर अवलंबून असतो. पोकळीतले वातावरण कमी ध्रुवीय असल्याने शोषणाची आणि उत्सर्जनाची तरंगलांबीही सरकते. दोन्ही मापे पिंजऱ्यासह नव्याने घेतल्याशिवाय उत्तेजित विभवाचा आकडा लिहू नये.

गठ्ठे होणे आणि रंग उडणे यांवर पिंजऱ्याचा किती उपयोग होतो?

गठ्ठे रोखण्यासाठी भरपूर. बीजिंगच्या त्सिंग्ह्वा विद्यापीठातील शी झांग यांच्या गटाने पेरिलिन डायइमाइडच्या दोन्ही टोकांना कुकुर्बिट[७]युरिल चढवून त्याचे मूलक-ऋण-आयन एकमेकांना चिकटण्यापासून वाचवले आणि त्यामुळे ते पाण्यातही अधिक काळ टिकले. रंग उडण्याबाबत उत्तर इतके सरळ नाही. मोठे न्यूक्लिओफाइल पोकळीत शिरू शकत नाहीत, म्हणून त्यांच्यापासून बचाव होतो. ऑक्सिजनचा रेणू मात्र इतका लहान आहे की बहुतेक पिंजऱ्यांच्या खिडक्यांतून तो सहज आत येतो.

पिंजरा स्वतःच प्रकाश-उत्प्रेरक असू शकतो का?

हो, आणि या विषयातला सर्वांत रसाळ भाग हाच आहे.

२००४ मध्ये फुजिता आणि मिचितो योशिझावा यांनी दाखवले की अष्टफलकी पॅलॅडियम पिंजऱ्यात अ‍ॅडामँटेनचे चार रेणू एकत्र बसतात आणि प्रकाश पाडल्यावर पिंजऱ्याचा इलेक्ट्रॉन-दरिद्री लिगंड अ‍ॅडामँटेनकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतो. अ‍ॅडामँटेनसारखे निष्क्रिय अल्केन पाण्यात ऑक्सिडीभूत होणे ही त्या काळी मोठी गोष्ट होती. २०१५ मध्ये रेमंड, रॉबर्ट बर्गमन आणि डीन टॉस्ट यांच्या गटांनी गॅलियमच्या पिंजऱ्यात उलट दिशा दाखवली. तेथे नॅफ्थलिनयुक्त भिंत प्रकाश शोषून आतल्या सिनामिल-अमोनियम पाहुण्याला इलेक्ट्रॉन देते आणि त्याची १,३-पुनर्रचना घडते. द्रावणात मोकळ्या असलेल्या पाहुण्याला ही वाट सापडत नाही.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील ज्योतिष्मान दासगुप्ता यांच्या गटाने रवींद्र वेंकटरमणी यांच्या सहकार्याने २०१९ मध्ये केलेले काम मराठी वाचकांनी आवर्जून समजून घ्यावे. इलेक्ट्रॉन-समृद्ध अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन पाण्यातल्या पॅलॅडियम पिंजऱ्यात शिरले की यजमान आणि पाहुणा मिळून एक नवा प्रभार-हस्तांतरण पट्टा तयार होतो. म्हणजे एकट्या पिंजऱ्याला आणि एकट्या पाहुण्याला न दिसणारा दृश्य प्रकाश ही जोडी शोषते. प्रकाश पडताच पाहुण्याचा इलेक्ट्रॉन पिंजऱ्याकडे जातो, ढिल्या झालेल्या कार्बन-हायड्रोजन बंधातला प्रोटॉन पाणी उचलते आणि सुमारे १० ते ४०० पिकोसेकंदांत तो बंध तुटलेला असतो. उरलेला कार्बन-मूलक पोकळीत सुरक्षित राहून हवेतल्या ऑक्सिजनशी निवडकपणे संयोग पावतो. येथे वेगळे रंगद्रव्यच नाही. जोडी जुळणे हेच रंगद्रव्य तयार होणे आहे. अतिजलद लेझर वर्णपटमापनाने प्रत्येक टप्पा पाहिलेला असल्यामुळे ही यंत्रणा अंदाजावर उभी नाही, आणि म्हणूनच मला हे काम या क्षेत्रातील पक्क्या पायाचे वाटते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पार्थ सारथी मुखर्जी यांचा गटही पाण्यात विरघळणाऱ्या पॅलॅडियम आणि प्लॅटिनम पिंजऱ्यांवर दीर्घकाळ काम करत आहे.

एकाच रेणूने दोन फोटॉन वापरण्याच्या पद्धतीत पिंजऱ्याला स्थान आहे का?

आहे, आणि तेथे त्याची गरज अधिकच आहे. २०१४ मध्ये बुर्कहार्ड क्योनिग यांच्या गटाने पेरिलिन डायइमाइडने पहिला फोटॉन घेऊन मूलक-ऋण-आयन बनावे, त्या आयनाने दुसरा फोटॉन घ्यावा आणि मग अरिल हॅलाइडचे क्षपण करावे अशी साखळी मांडली. पण उत्तेजित मूलक-ऋण-आयन एका नॅनोसेकंदाच्या काही अंशातच मावळतो, आणि वरील आकडेमोडीनुसार अभिक्रियाकारक १०० मिलिमोलर असला तरी मुक्त द्रावणातली गाठ पडायला सुमारे एक नॅनोसेकंद लागतो. त्यामुळे दोघे आधीपासून जवळ असले पाहिजेत, अन्यथा निरीक्षणात आलेली अभिक्रिया दुसऱ्याच कोणत्या तरी संयुगामुळे घडत आहे, ही शंका रास्त ठरते. जवळीक योगायोगावर न सोडता पिंजऱ्याने ठरवून घडवणे हा येथील तर्कशुद्ध मार्ग आहे.

इतक्या जवळून गेलेला इलेक्ट्रॉन तितक्याच वेगाने परत येत नाही का?

येतो, आणि पिंजऱ्यांच्या मार्गातली ही सर्वांत गंभीर अडचण आहे. ज्या जवळिकीमुळे इलेक्ट्रॉन पिकोसेकंदांत जातो, त्याच जवळिकीमुळे तो परतही फिरतो आणि फोटॉन वाया जातो. फ्लुओरेसन्स पूर्ण विझला म्हणजे उत्प्रेरण उत्तम चालले आहे, असा समज त्यामुळे फसवा ठरतो.

यावर काही उपाय आहेत. धन प्रभारी पिंजऱ्यात पाहुण्याने इलेक्ट्रॉन गमावला की तोही धन प्रभारी होतो आणि दोघांत अपाकर्षण निर्माण होऊन पाहुणा बाहेर पडण्याची शक्यता वाढते. दुसरा उपाय म्हणजे इलेक्ट्रॉन परतण्याआधीच परत न फिरणारी एखादी पायरी घडवणे, जसे मुंबईच्या प्रयोगात प्रोटॉन पाण्याकडे गेला. बंध चटकन तुटणारा अभिक्रियाकारक निवडणे हा तिसरा उपाय आहे. नवीन प्रणाली आखताना मी सर्वप्रथम हाच प्रश्न विचारतो: इलेक्ट्रॉन गेल्यानंतर पुढच्या शंभर पिकोसेकंदांत काय होणार आहे?

तयार झालेला पदार्थ आतच अडकला तर?

तर उत्प्रेरक एका फेरीत थांबतो. फुजितांच्या पिंजऱ्यातील डील्स-आल्डर अभिक्रियेत हे स्पष्ट दिसले होते; २००६ च्या शोधनिबंधात बंद पिंजऱ्याऐवजी वाडग्याच्या आकाराचा यजमान वापरल्यावर उत्पादित वाकडे असल्याने त्याची यजमानावरील पकड सुटली आणि फेऱ्या चालू झाल्या. प्रकाश-ऑक्सिडीभवनात ही अडचण थोडी सौम्य असते, कारण हायड्रोकार्बनपासून अल्कोहोल, अल्डिहाइड किंवा आम्ल बनले की ते जास्त जलस्नेही होऊन आपसूक पाण्यात उतरते.

पिंजऱ्यासाठी पॅलॅडियम वापरायचे, तर धातूमुक्त उत्प्रेरकाचा हेतूच फसत नाही का?

हा आक्षेप रास्त आहे. पॅलॅडियमही दुर्मीळ आणि महाग आहे, आणि सहा पॅलॅडियम आयनांच्या पिंजऱ्यात एक रंगद्रव्य बसवून त्याला स्वस्त पर्याय म्हणणे योग्य नव्हे. माझे मत असे आहे की पॅलॅडियमचे पिंजरे तत्त्वे उलगडण्यासाठी अमूल्य आहेत, कारण ते स्वच्छ जुळतात, त्यांचे स्फटिक मिळतात आणि त्यांची रचना निःसंदिग्धपणे ठरवता येते. प्रत्यक्ष वापरासाठी मात्र त्या तत्त्वांवर आधारलेले सेंद्रिय पिंजरे, कुकुर्बिटयुरिल, सायक्लोडेक्स्ट्रिन किंवा लोह आणि जस्तासारख्या विपुल धातूंचे पिंजरे यांकडे वळावे लागेल. केंब्रिजच्या जोनाथन नित्श्के यांच्या गटाने लोहाच्या पिंजऱ्यांवर केलेले विपुल काम या दृष्टीने मोलाचे आहे.

अभिक्रिया खरोखर पोकळीतच घडते हे कसे सिद्ध करायचे?

सर्वांत प्रभावी चाचणी म्हणजे स्पर्धक पाहुणा. अभिक्रियेत भाग न घेणारा पण पोकळीत अधिक घट्ट बसणारा रेणू घातल्यावर वेग पिंजऱ्याविनाच्या वेगापर्यंत खाली आला, तर अभिक्रिया आत घडत होती असे म्हणता येते. ही चाचणी नसलेला दावा मी अपुरा समजतो. तिच्यासोबत अंधारातील, पिंजऱ्याविना, केवळ लिगंडासह आणि केवळ धातूच्या क्षारासह केलेले प्रयोगही हवेत. पॅलॅडियम पिंजरा प्रकाशात मोडून त्याचे नॅनोकण बनतात का आणि तेच खरे उत्प्रेरक आहेत का, हे तपासल्याविना पुढे जाऊ नये.

वर्णपटमापनात स्थिर आणि गतिशील शमन (फ्लुओरेसन्स विझणे) वेगळे ओळखावे. आधीच जोडी जुळलेली असेल तर फ्लुओरेसन्सची तीव्रता घटते, पण उरलेल्या मोकळ्या रेणूंचे आयुर्मान बदलत नाही. टकरींमुळे शमन होत असेल तर तीव्रता आणि आयुर्मान दोन्ही घटतात. म्हणून केवळ तीव्रतेचा स्टर्न-व्होल्मर आलेख (विझवणाऱ्या रेणूच्या संहतीनुसार काढलेला) पुरेसा नाही, आयुर्मानाचाही आलेख काढावा. पाहुणा आत आहे हे प्रोटॉन एनएमआरमधील वरच्या क्षेत्राकडे सरकलेल्या शिखरांवरून आणि यजमानाइतक्याच झालेल्या विसरण-गुणांकावरून दिसते. अभिक्रियेच्या शेवटी हेच वर्णपट पुन्हा घ्यावेत. सुरुवातीचा पिंजरा सुबक असणे आणि सहा तास निळ्या प्रकाशाखाली राहून तो तसाच असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेवटी, दोन प्रणालींची तुलना करायची असेल तर उताऱ्याच्या टक्केवारीऐवजी फेरिऑक्झलेट प्रकाशमापनाच्या आधारे क्वांटम उतारा, म्हणजे शोषलेल्या दर फोटॉनमागे बनलेले उत्पादित, द्यावा.

प्रयोगशाळेत कोणत्या चुका टाळाव्यात?

प्रकाश-उत्प्रेरणात इलेक्ट्रॉन पुरवण्यासाठी ट्रायइथिलअमाइनसारखी अमाइन सर्रास वापरली जातात. पॅलॅडियम-पिरिडीन पिंजऱ्यात ती घालू नयेत. अमाइन पॅलॅडियमशी बांधले जाते आणि पिंजरा उकलतो. क्लोराइड आणि ब्रोमाइड आयनही पिरिडीनची जागा घेतात, म्हणून बफर निवडताना त्यातील हॅलाइडकडे लक्ष द्यावे. इमाइन बंधांचे पिंजरे आम्लात जलविघटित होतात. कुकुर्बिटयुरिल आम्लात टिकतात, पण द्रावणातील सोडियम किंवा पोटॅशियम आयन त्यांच्या कार्बोनिल-कड्यांवर बसून बांधणी कमकुवत करतात. वेगवेगळ्या बफरमधील स्थिरांकांची थेट तुलना म्हणूनच करू नये.

याचा उद्योगात उपयोग होईल का?

औषधांच्या रेणूंत अखेरच्या टप्प्यावर निवडक बदल करणे, पाण्यातले ऑक्सिडीभवन आणि सांडपाण्यातील रंगद्रव्यांचे विघटन ही क्षेत्रे सर्वांत जवळची वाटतात. टनाच्या पातळीवरचा वापर पिंजरा पुन्हा वापरता येण्यावर अवलंबून राहील. त्यासाठी पिंजरे पॉलिमरवर किंवा सिलिकावर बांधणे आणि सतत प्रवाहाच्या नळ्यांत प्रकाश देणे या दोन दिशा मला सर्वाधिक आशादायक वाटतात, कारण पातळ नळीत प्रकाश पूर्ण खोलीपर्यंत पोहोचतो.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी सुरुवात कुठून करावी?

मेथिलिन ब्ल्यू आणि कुकुर्बिट[७]युरिल या जोडीपासून. दोन्ही विकत मिळतात, पाण्यात काम होते आणि साधा दृश्य-अतिनील वर्णपटमापी पुरतो. आधी मेथिलिन ब्ल्यूची संहती वाढवत त्याच्या द्विरेणूचे, ६६० नॅनोमीटरच्या आसपासच्या मुख्य शिखराच्या डावीकडचे, शिखर कसे मोठे होते ते पाहावे. मग यजमान थोडा थोडा घालून ते कसे मावळते हे नोंदवावे आणि बांधणीचा स्थिरांक काढावा. त्यानंतर लाल एलईडीखाली एखाद्या सल्फाइडचे सल्फॉक्साइडमध्ये रूपांतर यजमानासह आणि यजमानाविना करून वेग मोजावेत, आणि शेवटी अ‍ॅडामँटिल-अमोनियम क्षार हा कुकुर्बिट[७]युरिलला अतिशय घट्ट बसणारा पाहुणा स्पर्धक म्हणून घालून वेग मूळ पातळीवर येतो का ते तपासावे. यजमानामुळे वेग घटला तरी तो निकाल लिहावा, कारण मेथिलिन ब्ल्यूचे उत्प्रेरण ट्रिप्लेटमार्फत चालते आणि ऑक्सिजनला त्याच्यापर्यंत पोहोचायला पोकळीची भिंत किती अडवते याचे ते थेट मोजमाप असेल.